चौकात बंद पडणारी मोटार

मे महिन्यातली दुपार. सोलापूरच्या सात रस्त्यावर एक जुनी मोटार येते. हमरस्त्यावरून ती अगदी व्यवस्थित धावत आलेली असते. पुढे वाहनांची गर्दी दिसल्यावर चालक पाय उचलतो. इंजिन थरथरते, दोनदा खोकल्यासारखे करते आणि बंद पडते. मागून हॉर्न वाजू लागतात. दोघेतिघे उतरून धक्का मारतात. गाडी सुरू होते, आणि मग घर येईपर्यंत चालक पाय ॲक्सिलरेटरवरून काढतच नाही. वाचकांपैकी ज्यांचे वय चाळिशीच्या पुढे आहे ते या प्रसंगात कधी ना कधी आत बसलेले असतील, नाहीतर मागून धक्का मारत असतील.

यात एक कोडे आहे. चार माणसे आणि सामान घेऊन घाट चढताना ज्या इंजिनाला काही होत नाही, तेच इंजिन काहीही काम करायचे नसताना का मरावे? दमलेला बैल चढावर बसतो; दावणीला उभा असताना कोसळत नाही. मग इंजिनाचे असे उलटे का? या कोड्यामागे शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे आणि त्यात सोलापूरच्या एका माणसाचाही वाटा आहे.

आधी थोडे गणित करू. इंजिन जागेवर चालू ठेवणे याला गॅरेजमध्ये ‘आयडलिंग’ किंवा नुसते ‘स्लो’ म्हणतात. अशा वेळी इंजिन फक्त स्वतःला फिरवण्यापुरतेच काम करते. उदाहरणासाठी आपल्याकडे ‘फियाट’ म्हणून ओळखली जाणारी गाडी घेऊ. तिचे इंजिन १०८९ घन सेंमी क्षमतेचे, चार सिलिंडरांचे. स्लोवर ते मिनिटाला सुमारे ८०० फेरे करते. चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा हवा ओढतो, म्हणजे चारही सिलिंडर मिळून मिनिटाला १६०० घोट घेतात. पेट्रोल जळते साधारण ताशी एक लिटर, म्हणजे मिनिटाला १६ ते १७ घन सेंमी. भागाकार केला तर एका घोटाला पेट्रोल येते घन सेंमीचा शंभरावा भाग. पाण्याचा एक थेंब साधारण ०.०५ घन सेंमीचा धरला तर हा थेंबाचा पाचवा हिस्सा झाला. तो सेकंदाला सत्तावीस वेळा, न चुकता, हवेत नीट मिसळून द्यायचा.

चूक झाली तर सावरायला फारसे काही हाताशी नसते. फिरणाऱ्या चक्रातली ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. मिनिटाला ३००० फेरे करणाऱ्या इंजिनाच्या फ्लायव्हीलमध्ये ८०० फेऱ्यांच्या मानाने चौदा पट ऊर्जा साठलेली असते. एखाददुसरा स्फोट हुकला तर रस्त्यावर धावताना तो कळतही नाही, चौकात मात्र दोन घोट हुकले की संपले. थोडक्यात, स्लोवर इंजिन दमलेले नसते, त्याच्या गाठीला काही नसते.

तोटीतून फुंकर

पहिल्या मोटारींमध्ये पेट्रोल नुसतेच उडू दिले जाई. एका डब्यातल्या पेट्रोलच्या पृष्ठभागावरून हवा जायची आणि वाफ घेऊन यायची. हवा गार असेल तर वाफ कमी, गरम असेल तर जास्त. अशा यंत्रावर थेंबाचा पाचवा हिस्सा मोजून देणे कठीण होते. १८९३ साली जर्मनीत विल्हेल्म मायबाख यांनी बारीक तोटीतून पेट्रोलचा फवारा उडवणारा कार्ब्युरेटर बनवला. त्याच वर्षी हंगेरीत दोनात बांकी आणि यानोश चोंका यांनीही तशाच रचनेचे पेटंट घेतले.

यामागचे तत्त्व आपण वर्गात शिकवतोच. अरुंद जागेतून जाताना हवेचा वेग वाढतो आणि दाब उतरतो. डॅनियल बर्नुली यांचा ग्रंथ १७३८ चा, आणि इटलीच्या व्हेंचुरी यांनी अरुंद होत जाणाऱ्या नळीवरचे प्रयोग प्रसिद्ध केले ते १७९७ साली. म्हणजे इंजिन जन्माला येण्याच्या कितीतरी आधी त्याच्या नरड्याचे विज्ञान तयार होते. पाण्याच्या पेल्यात एक आखूड नळी उभी धरा, दुसऱ्या नळीने तिच्या वरच्या तोंडावरून आडवी फुंकर मारा. जोरात फुंकले तर पाणी वर चढून तुषार उडतात. आता अगदी हळू फुंकून पाहा. पाणी थोडे वर येते आणि तिथेच थांबते.

आमच्या कोड्याचे निम्मे उत्तर या हळू फुंकरीत आहे. चालकाने पाय उचलला की कार्ब्युरेटरच्या तळाशी असलेली थ्रॉटलची चकती जवळजवळ मिटते. नरड्यातून जाणारी हवा इतकी मंद होते की मुख्य तोटीतून पेट्रोल वर चढतच नाही. आणि दाबातली घट वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे, हवा एक दशांश झाली तर ओढ शंभरावा भागच उरते.

सुरुवातीच्या चालकांना म्हणूनच हाताने झडपा हलवत गाडी चालवावी लागे. १९०६ साली फ्रान्समधल्या फ्रांस्वा बाव्हरे यांनी दोन तोट्यांची जोडी वापरून मिश्रण सर्व वेगांना सारखे राखायची युक्ती काढली आणि ती पुढे ‘झेनिथ’ कार्ब्युरेटर म्हणून प्रसिद्ध झाली. स्लोचा प्रश्न सोडवणारी युक्ती त्याहून साधी आहे. चकती मिटलेली असताना नरड्यात ओढ नसते हे खरे, पण चकतीच्या खाली, इंजिनाच्या बाजूला, ओढ फार जोराची असते. पिस्टन हवा मागत असतात आणि वाट बंद असते. मग चकतीच्या कडेपाशी एक भोक पाडायचे आणि पेट्रोलची एक वेगळी, बारीक वाट थेट तिथे आणून सोडायची. म्हणजे कार्ब्युरेटरच्या पोटात खरे तर दोन कार्ब्युरेटर असतात, एक धावण्याचा आणि एक उभे राहण्याचा.

या दुसऱ्या वाटेवरच्या जेटचे भोक साधारण अर्ध्या मिलिमीटरचे असते. सोलेक्स बनावटीच्या जेटवर कोरलेला आकडा मिलिमीटरच्या शंभराव्या भागात असतो. ४५ लिहिले असेल तर भोक ०.४५ मिमीचे. आपल्या भागातल्या उन्हाळ्यातली धूळ डोळ्यांसमोर आणा. टाकीतला एक गंजाचा कण गाळणीतून निसटून त्या भोकात बसला की गाडी रस्त्यावर झकास पळते, कारण मुख्य जेट मोकळा आहे, आणि चौकात मरते. कोडे सुटले. निदान त्याची एक बाजू तरी.

सोलापूरचे वालचंद

ज्या गाडीचे गणित वर केले ती भारतात ज्यांच्या कंपनीने बनवली त्या वालचंद हिराचंद यांचा जन्म सोलापूरचा, २३ नोव्हेंबर १८८२ चा. घरचा धंदा कापसाचा आणि सावकारीचा. वालचंदांनी तो सोडून लक्ष्मणराव फाटक यांच्या भागीदारीत रेल्वेची कंत्राटे घेतली. पुढे जहाजे, विमाने, साखर असे त्यांचे उद्योग सर्वांना माहीत आहेत. मोटारीचा प्रयत्न मात्र बराच काळ रखडला. सर विश्वेश्वरय्या यांनी भारतात मोटारी बनवाव्यात अशी योजना १९३० नंतरच्या दशकात मांडली होती आणि वालचंद तिच्या पाठीशी होते. अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी त्यांनी बोलणी करून करारही केला. पण महायुद्ध सुरू झालेले होते आणि इथे मोटारींचा कारखाना उभा राहावा अशी इंग्रज सरकारला घाई नव्हती. अखेर १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन झाली आणि १९४७ साली मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. त्या सुट्या भागांतून जोडलेल्या अमेरिकन गाड्या होत्या. इटलीच्या फियाटशी सहकार्य त्यानंतर सुरू झाले. वालचंद १९५३ साली वारले, त्यामुळे पुढे घराघरात पोचलेली फियाट ११०० त्यांनी रस्त्यावर पाहिली नाही.

त्याच वर्षी सरकारने ठरवले की नुसते भाग जोडणाऱ्यांना इथे जागा नाही, भाग इथेच बनवण्याचा कार्यक्रम हवा. जनरल मोटर्स आणि फोर्ड निघून गेल्या, प्रीमियर राहिली. परवान्यांच्या त्या काळात नवे मॉडेल आणणे सोपे नव्हते, आणि स्पर्धा नसल्यामुळे तशी गरजही कोणाला वाटली नाही. १०८९ घन सेंमीचे ते इंजिन मूळ १९३७ सालच्या इटालियन गाडीतले. तेच प्रीमियर पद्मिनीच्या रूपाने २००० सालाच्या आसपास उत्पादन थांबेपर्यंत चालले. साठ वर्षांहून जास्त! ग्राहकांच्या दृष्टीने ही काही कौतुकाची गोष्ट नव्हती. नोंदणी करून वर्षानुवर्षे वाट पाहायची आणि मिळायची ती आजोबांच्या वेळची गाडी.

पण याचा एक परिणाम असा झाला, ज्याची नोंद उद्योगाच्या इतिहासात सहसा सापडत नाही. गाडी बदलत नसल्यामुळे ती सगळी माहीत असलेली माणसे तयार झाली. मोहोळ, पंढरपूर, मंगळवेढा, अक्कलकोट, कुठेही गाडी बंद पडली तरी तिचा प्रत्येक स्क्रू ओळखणारा मिस्त्री भेटे. त्यांतल्या अनेकांनी बर्नुलीचे नाव ऐकलेले नसेल. त्यांची दोष शोधण्याची पद्धत मात्र प्रयोगशाळेत शोभेल अशी होती.

मिस्त्रीची पद्धत

चांगला मिस्त्री आल्याबरोबर पाना हातात घेत नाही. तो विचारतो. गरम झाल्यावर बंद पडते की गारच असताना? एकदम पडते की धडपडत? पेट्रोलचा वास येतो का? या तीन प्रश्नांत निम्मे पर्याय गळून पडतात. एकदम, दिवा विझल्यासारखे बंद पडले तर विजेकडचा दोष असण्याची शक्यता जास्त. धडपडत, आचके देत बंद पडले तर पेट्रोलकडचा.

विजेकडे पाहायचे तर १९१० च्या सुमारास अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी रूढ केलेली रचनाच या गाड्यांत होती. कॉइलमधला प्रवाह दोन छोटे ‘पॉइंट’ उघडून तोडायचा आणि त्या तुटण्यातून हजारो व्होल्टची ठिणगी मिळवायची. पॉइंटमधली फट साधारण ०.४ ते ०.५ मिमी. त्यांना खड्डे पडले, किंवा शेजारचा कंडेन्सर गेला, की ठिणगी निळीच्या ऐवजी पिवळट आणि अशक्त येते. पण असा दोष बहुधा सगळ्या वेगांना जाणवतो, गाडी चढावरही ‘मिसिंग’ करते. फक्त चौकातच मरणाऱ्या गाडीत पॉइंट बदलणाऱ्याने गिऱ्हाइकाचे पैसे वाया घालवले असे खुशाल समजावे.

चारांपैकी एकच सिलिंडर मुका आहे का, हे पाहायला तो एकेका प्लगची वायर काढून बघे. ज्याची वायर काढल्यावर इंजिनाच्या आवाजात काहीच फरक पडत नाही, तो आधीपासूनच काम करत नव्हता. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बाकीच्या तशाच ठेवायच्या, हे आपण विद्यार्थ्यांना सांगतो ते हेच. (नव्या गाड्यांवर हा प्रयोग करू नये, विजेचा दाब फार मोठा असतो आणि इलेक्ट्रॉनिक भागांनाही इजा होते.)

आमच्या मते सर्वांत सुंदर चाचणी चोकची. स्लोवर इंजिन अडखळत असताना चोकची मूठ थोडीशी ओढायची. चोकने मिश्रणातले पेट्रोल वाढते. इंजिन सुधारले तर मिश्रण पातळ होते: स्लोचा जेट तुंबलेला, किंवा कार्ब्युरेटरच्या बुडाचे गॅस्केट फाटून तिथून चोरवाटेने हवा आत येत असलेली. इंजिन अधिकच बिघडून काळा धूर निघाला तर मिश्रण आधीच दाट होते: फ्लोटची सुई अडकून पेट्रोल ओसंडत असलेले, किंवा हवेची गाळणी धुळीने गच्च झालेली. एकही भाग न उघडता, एक मूठ अर्धा इंच ओढून, चार संशयितांपैकी दोघे सुटतात. उरलेल्या दोघांत निवड करायला कान पुरतो, कारण फाटक्या गॅस्केटमधून हवा शीळ घालत आत शिरते.

सोलापूरचा उन्हाळा यात आणखी एक गुंतागुंत आणतो. पेट्रोल हा एक पदार्थ नव्हे, अनेक पदार्थांचे मिश्रण आहे. त्यातले सर्वांत हलके घटक ३५ ते ४० अंश सेल्सिअसलाच उकळू लागतात, जड घटकांना दोनशे अंशांच्या आसपास तापमान लागते. बाहेरच ४२ अंश असताना बॉनेटखाली काय असेल! रस्त्यावर वारा असतो. चौकात वाराही नाही आणि पेट्रोलचा प्रवाहही मंद, त्यामुळे ते पंपात जास्त वेळ तापत राहते. पंपाच्या ओढीने नळीतला दाब उतरतो आणि उकळणे आणखी सोपे होते. वाफ झाली की पंप वाफच दाबत-सोडत बसतो, पुढे पेट्रोल जात नाही. यावरचा उपाय सगळ्यांना ठाऊक होता: पंपावर ओले फडके.

पण उन्हात बंद पडलेल्या प्रत्येक गाडीला ओले फडके लागू पडत नसे. गरम इंजिन बंद करून दहा मिनिटे थांबले की उष्णता वर चढते, कार्ब्युरेटरच्या डब्यातले पेट्रोल उकळते आणि ओसंडून इंजिनाच्या नळीत उतरते. आता उपासमार नाही, अजीर्ण आहे. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात: उन्हाळा, गरम इंजिन, गाडी सुरू होत नाही. उपाय मात्र उलटे. अजीर्णावर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून, चोकला हात न लावता स्टार्टर मारायचा, म्हणजे भरपूर हवा जाऊन जादा पेट्रोल वाहून जाते. दोहोंतला फरक ओळखायचा नाकाने. लक्षण एक आणि कारणे परस्परविरुद्ध, याचे इतके चांगले उदाहरण आम्हाला वैद्यकातही चटकन आठवत नाही.

स्क्रूची अर्धी फेरी

या कौशल्याची एक काळी बाजूही सांगितली पाहिजे. स्लोवर सिलिंडरमध्ये जळून गेलेला वायू बराच मागे राहतो आणि ताज्या मिश्रणात मिसळतो. अशा भेसळीत ठिणगीने जाळ धरावा म्हणून मिश्रण जरा दाट ठेवावे लागते. पूर्ण ज्वलनाला एक भाग पेट्रोलमागे वजनाने १४.७ भाग हवा लागते. स्लोवर ती बारा-तेरा भागच दिली जाई. म्हणजे कार्बनचा काही भाग अर्धवट जळून कार्बन मोनॉक्साइड होणार हे ठरलेलेच. इंजिन अडखळते अशी तक्रार आली की खरा दोष न शोधता मिश्रणाचा स्क्रू अर्धी फेरी फिरवून ते आणखी दाट करणे, हा सर्वांत स्वस्त उपाय होता. गाडी मऊ चाले. मालक खूश होई. आणि चौकात उभ्या असलेल्या पोलिसाच्या, फुलवाल्याच्या, शाळा सुटून घरी निघालेल्या मुलांच्या नाकात तो वायू जाई. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मध्ये रस्त्यावरच्या चारचाकी पेट्रोल गाडीसाठी स्लोवरच्या धुरात ३ टक्क्यांपेक्षा जास्त कार्बन मोनॉक्साइड असू नये अशी मर्यादा आली. तपासणीपुरता स्क्रू घट्ट करायचा आणि नंतर पुन्हा सैल करायचा, हा प्रकार त्यानंतर किती चालला हे वाचकांना सांगायला नको.

या पेचातून सुटका कार्ब्युरेटरच्या हातून होण्यासारखी नव्हती. इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पेट्रोल फवारणारी बॉशची रचना १९६७ साली फोक्सवॅगनच्या गाडीत आली. १९७६ साली व्होल्वोने धुरातला ऑक्सिजन मोजणारा संवेदक बसवला. आता इंजिन आपलाच धूर हुंगून पेट्रोल कमी-जास्त करू लागले, म्हणजे मिस्त्रीचे नाकच आत बसवले म्हणा ना. भारतात २००० सालानंतर प्रदूषणाचे नियम कडक होत गेले तसे नव्या मोटारींतून कार्ब्युरेटर गेले, आणि एप्रिल २०२० मध्ये भारत स्टेज ६ लागू झाल्यावर नव्या दुचाकींतूनही ते जवळजवळ नाहीसे झाले.

चौकात बंद पडणे मात्र पूर्ण गेले नाही. थ्रॉटलच्या चकतीच्या कडेला काजळी साचते आणि स्लोची हवा अडते. रबरी नळी तडकते आणि चोरवाट उघडते. दोष तेच, फक्त जागा बदललेली. आज मिस्त्री यंत्र जोडून दोषाचा क्रमांक वाचतो. ‘मिश्रण पातळ’ असा क्रमांक आला की ऑक्सिजनचा संवेदकच बदलून टाकणारे पुष्कळ आहेत, पण त्या बिचाऱ्याने खरी बातमी दिलेली असते. नळी तडकली की नाही हे पाहायला अजूनही बॉनेट उघडून कान द्यावा लागतो.

जुन्या गाड्यांपुढे आता वेगळाच प्रश्न आहे, आणि त्याचा संबंध पुन्हा सोलापूरशी येतो. पेट्रोलमध्ये ५ टक्के इथेनॉल मिसळायला महाराष्ट्रासह काही राज्यांत २००३ साली सुरुवात झाली. २०२५ साली हे प्रमाण देशभर २० टक्क्यांवर गेले. यातले बरेच इथेनॉल उसापासून येते आणि साखर कारखान्यांच्या संख्येत सोलापूर जिल्हा राज्यात पुढे आहे. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीच असतो, म्हणून त्याला जळायला नऊ भागच हवा पुरते. २० टक्के मिश्रणाचा हिशेब केला तर गरज १४.७ वरून सुमारे १३.५ वर येते. संवेदक असलेली गाडी हे ओळखून पेट्रोल वाढवते. कार्ब्युरेटरला नाक नाही, त्याचा ०.४५ मिमीचा जेट पूर्वीइतकेच पेट्रोल देतो, आणि मिश्रण आठ टक्क्यांनी पातळ होते. शिवाय जुने रबर इथेनॉलमध्ये फुगते किंवा चिरते आणि टाकीतला जुना थर सुटून गाळणीकडे निघतो.

मुंबईतली शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून निवृत्त झाली. ज्यांनी हौसेने आपली फियाट सांभाळून ठेवली आहे त्यांच्याकडे मिस्त्री आता आधी पेट्रोलच्या सगळ्या नळ्या बदलायला सांगतात, मग जेट एक आकडा मोठा घालतात, आणि शेवटी इंजिन गरम झाल्यावर, कान लावून, स्लोचा स्क्रू फिरवतात.